रोमा, त्सिगान्य, जिप्सी: मराठीत काय लिहावे?

प्रश्न असा आला आहे: हंगेरीतल्या शाळांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात एकाच समाजाला कुठे 'रोमा' म्हटले आहे, कुठे 'त्सिगान्य', आणि काही मुलांना नुसते 'तीन एच'. मराठीत सरसकट 'जिप्सी' चालेल का? की 'भटके' म्हणावे? आणि 'त्सिगान्य'चा मूळ अर्थ 'अस्पृश्य' असा आहे, हे खरे का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. 'त्सिगान्य' आणि त्याचा जर्मन भाऊ 'त्सिगॉयनर' हे दोन्ही शब्द बायझंटाईन काळातल्या ग्रीक 'अथिंगानोई'पर्यंत नेले जातात. अथिंगानोई हा आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजिया भागातला, चर्चने पाखंडी ठरवलेला एक पंथ. शब्दाचा अर्थ 'न शिवणारे'. लोक त्यांना शिवत नसत असे नाही, तेच इतरांना शिवत नसत. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर सोवळेकरी! या पंथाची जादूटोण्यासाठी ख्याती होती. पुढे पूर्वेकडून आलेल्या नव्या लोकांना तेच नाव चिकटले, असे मानतात. तेव्हा 'त्सिगान्य म्हणजे अस्पृश्य' हे व्युत्पत्ती म्हणून देऊ नका. त्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी तसे म्हणायचे असेल तर पुरावे भरपूर आहेत, फक्त ते कोशात शोधू नयेत.

जाता जाता उच्चाराबद्दल. यातला पहिला वर्ण आपल्या 'चाक', 'चूल'मधल्या च सारखा. पण मराठीत इकार लागला की च हटकून 'चिंच'मधला होतो, त्यामुळे 'चिगान' लिहिले की वाचणारा चुकणारच. 'त्सि' डोळ्यांना खुपते खरे, पण दुसरा इलाज दिसत नाही.

'रोमा'कडे वळू. या समाजाच्या मूळ भाषेत, म्हणजे रोमानीत, 'रोम' म्हणजे त्या समाजातला पुरुष, नवरा. 'रोमा' हे त्याचे अनेकवचन. (हंगेरियनने त्यालाच एकवचन धरून 'रोमाक' असे पुन्हा अनेकवचन केले आहे.) रोम शहराशी किंवा रोमानिया देशाशी याचा संबंध नाही. पश्चिम आशियात याच मुळाचे 'डोम' हे रूप आहे, आर्मेनियाकडे 'लोम', आणि सगळ्यांचा धागा संस्कृत 'डोम्ब'पर्यंत जातो असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपला 'डोंबारी' त्याच गोतातला. भाषाही तशीच ओळखीची: 'पानी', 'मानुश', 'कान', 'नाख', 'छुरी'. सांगावे लागत नाही काही.

मग सगळीकडे 'रोमा' लिहून मोकळे व्हावे का? बहुतेक ठिकाणी हो. पण हंगेरीत एक अडचण आहे. तिथे या नावाखाली तीन वेगळे समाज येतात. सर्वांत मोठा रोमुंग्रो. यांची मातृभाषा कित्येक पिढ्यांपासून हंगेरियनच. दुसरे ओलाह, जे रोमानी बोलतात. तिसरे बेआश, हे मुख्यतः नैर्ऋत्य हंगेरीतले, लाकडाच्या काथवटी आणि चमचे कोरणारे, आणि त्यांची भाषा जुन्या वळणाची रोमानियन. रोमानी नव्हे, रोमानियन. इथे भाषांतरात हमखास घोटाळा होतो. बेआश माणसाच्या स्वतःच्या भाषेत 'रोम' हा शब्दच नाही, त्यामुळे 'रोमा' हे नाव त्याला बाहेरून आलेले वाटू शकते. 'मी त्सिगान्य आहे' असे ठणकावून सांगणारे रोमुंग्रोही पुष्कळ भेटतात, विशेषतः वादकांच्या घराण्यांतले. तोच शब्द गावच्या दारूच्या गुत्त्यात दुसऱ्या कोणी उच्चारला तर शिवी होते. सरकारी कागदात 1993 च्या अल्पसंख्याक कायद्यात 'त्सिगान्य' होते, आता 'रोमा' आहे. तेव्हा लेखातला माणूस स्वतःविषयी बोलताना 'त्सिगान्य' म्हणत असेल, तर भाषांतरात तो शब्द त्याच्या तोंडून काढून घेऊ नका.

हंगेरियन भाषेत हा शब्द किती खोल मुरलाय, ते वाक्प्रचारांत दिसते. जेवताना घास चुकीच्या नळीत जाऊन ठसका लागला, की तिथे म्हणतात घास 'त्सिगान्यवाटेने' गेला. पोरे हातांवर भार देऊन चाकासारखी फिरतात, ते 'त्सिगान्यचाक'. उलट दिशेची उसनवारी त्याहून मजेची आहे. बुडापेश्तमधली पोरे मुलीला 'चॉय' म्हणतात, पोराला 'चावो', पैशाला 'लोवे', दारूला 'पिया', एखाद्या गड्याला 'मानुश'. आणि ढापणे या अर्थी त्यांचे क्रियापद आहे 'चोर'. सगळे रोमानीतून आलेले. 'त्सिगान्य' शेजार नको म्हणणारा माणूसही दिवसभर हेच शब्द तोंडात घोळवत असतो, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

आता 'भटके'. हा शब्द कृपा करून वापरू नका. महाराष्ट्रात 'भटके-विमुक्त' या शब्दाला कायद्याचा आणि इतिहासाचा नेमका अर्थ आहे, तो तिकडे नेऊन चिकटवता येत नाही हे एक. दुसरे म्हणजे ते खोटे ठरेल. 1893 मध्ये हंगेरीत या समाजाची स्वतंत्र शिरगणती झाली. राज्य तेव्हा आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. साधारण पावणेतीन लाख माणसे मोजली गेली, त्यांत खरोखर भटकणारी 9 हजारांच्या आत भरली. बाकीची घरेदारे करून, बहुतेक गावाच्या कडेला, राहत होती.

त्यांना स्थिर करण्याचा सरकारी खटाटोप त्याआधी शतकभर चालला होता. 1761 मध्ये हंगेरीची तेव्हाची राणी मारिया तेरेसा हिच्या दरबाराने 'त्सिगान्य' हा शब्दच बंद करून या लोकांना 'नवे हंगेरियन', 'नवे शेतकरी' म्हणावे असा हुकूम काढला. 1770 च्या दशकात मुले आईबापांपासून काढून शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला देण्याचेही फर्मान निघाले. नवे नाव कागदावर राहिले. मुले मात्र खरोखर उचलून नेली गेली.

तुमच्या लेखात आणखी एक सापळा आहे. 'मॉद्यॉर आणि त्सिगान्य' अशी जोडी त्यात वारंवार येते. शब्दशः 'हंगेरियन आणि रोमा' केलेत तर वाचकाला वाटेल की रोमा परदेशी आहेत. ते हंगेरीचे नागरिक आहेत, आणि बहुतेकांना हंगेरियनखेरीज दुसरी भाषा येत नाही. गावात ही जोडी दोन्हीकडचे लोक वापरतात हे खरे, पण निवेदनात 'रोमा आणि बिगर-रोमा' म्हणा. 'हंगेरियन' फक्त संवादात ठेवा.

मुळात रोमा कोण, हे ठरवते कोण? 2011 च्या जनगणनेत सुमारे 3 लाख 15 हजार लोकांनी स्वतःला रोमा म्हणवले, 2022 मध्ये 2 लाख 10 हजारांनी. अभ्यासकांचे अंदाज मात्र 6 लाखांपासून 9 लाखांपर्यंत जातात. ही तफावत गणतीच्या ढिसाळपणातून आलेली नाही. केमेन्य इश्त्वान (हंगेरियन पद्धतीने आडनाव आधी) या समाजशास्त्रज्ञाने 1971 मध्ये पहिली मोठी पाहणी केली, तेव्हा व्याख्या अशी धरली की आजूबाजूचे ज्याला त्सिगान्य समजतात तो त्सिगान्य. यावर नंतर लादान्यी आणि सेलेन्यी या दोघांनी जोरदार वाद घातला, की मग आपण समाज मोजतो की शेजाऱ्यांचा ग्रह? माझे मत विचाराल तर दोन्ही आकडे खरे आहेत. एक माणूस स्वतःविषयी काय सांगायला धजतो त्याचा, दुसरा त्याला नोकरी देणारा काय पाहतो त्याचा.

आणि नोकरी देणारा पाहतोच. 'लाकातोश' म्हणजे कुलपे करणारा, 'ओर्शोश' म्हणजे चात्या करणारा. अर्थ निरुपद्रवी, पण अर्जावर ही आडनावे दिसली की पुढचे ताडले जाते. आडनावावरून माणूस 'कुठला' ते हुंगायची सवय मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. केमेन्यच्याच पाहणीत 1971 साली कामाच्या वयातल्या रोमा पुरुषांपैकी सुमारे 85 टक्के नोकरीत होते, म्हणजे देशाच्या सरासरीच्या जवळपास. मिश्कोल्त्स आणि ओझ्दचे पोलादी कारखाने तेव्हा धडधडत होते. 1989 मध्ये साम्यवादी राजवट संपली, त्यानंतर ते गळाठले, आणि 1993 च्या पाहणीत तोच आकडा 30 टक्क्यांच्या आत आला होता. आधी कमी झाले ते अकुशल मजूर.

'तीन एच' हे त्यानंतरचे अपत्य. 'हाल्मोझोत्तान हात्रान्योश हेय्झेतू', म्हणजे 'अनेक अंगांनी अडचणीत असलेला'. कागदावर याचा वंशाशी काही संबंध नाही. घरची गरिबी हा पाया. त्यावर आईबापांचे शिक्षण कमी, त्यांना धड काम नाही, घर राहण्याजोगे नाही, या तिनांपैकी दोन गोष्टी लागू झाल्या की मुलाच्या नावापुढे ही अक्षरे लागतात. हेतू मदतीचा. पण शिक्षकांच्या खोलीत 'तीन एच वर्ग' म्हटले की कोणाबद्दल चालले आहे ते सगळ्यांना कळते. मराठीत मी 'अतिवंचित' सुचवेन. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात निकष सांगा. 'मागास' नको, त्याला आपल्याकडे जातीची कायदेशीर बाजू आहे.

त्या आधीच्या पिढीचा शब्द होता 'किशेगीतो', शब्दशः 'साहाय्यक' शाळा. खरा अर्थ मतिमंद ठरवलेल्या मुलांची शाळा. चाचण्या अशा, की घरात पुस्तक नसलेले मूल तिथे रवाना व्हायचे. 2013 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने न्यीरेग्हाझा इथल्या दोन रोमा तरुणांच्या खटल्यात हंगेरीला यासाठी दोषी धरले. हेवेश जिल्ह्यातल्या ग्योंग्योश्पाता गावी तर शाळा एकच, पण रोमा मुले तळमजल्यावर आणि बाकीची वर. 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साठेक मुलांना मिळून सुमारे 10 कोटी फोरिंट भरपाई कायम केली, आणि तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी तिच्यावर जाहीर नाराजी दाखवली होती.

तुमच्या लेखात दोन शाळांची नावे आहेत, ती मात्र लिप्यंतराच्या भानगडीत न पडता सरळ लिहा. पेच शहरातली 1994 ची 'गांधी गिम्नाझियुम', जिथे बेआश आणि लोवारी (ही ओलाहांची रोमानी) शिकवतात. आणि ईशान्येकडच्या शायोकाझा गावात 2007 मध्ये सुरू झालेली 'डॉ. आंबेडकर शाळा'. ओर्शोश यानोश आणि देर्दाक तिबोर यांनी ती काढली. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी बौद्धांशी त्यांची ओळख झाली, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यांच्या संस्थेचे नाव 'जय भीम'. हंगेरियनमध्ये ते 'ड'ने सुरू होणाऱ्या काहीशा विचित्र स्पेलिंगने लिहिलेले दिसेल, कारण 'ज' या ध्वनीसाठी त्यांना 'ड' आणि 'झ्'ची अक्षरे जोडावी लागतात. तुम्ही ते 'द्झाय भीम' केलेत तर पुण्या-नागपुरातला वाचक हसेल. 'जय भीम'च लिहा.

तर थोडक्यात 'जिप्सी'चे काय? तो 'इजिप्शियन'वरून आलेला, म्हणजे पत्ताच चुकलेला शब्द. मराठीत जुन्या मोटारगाडीसाठी राहू द्या.