पुण्यात गॅलरीत हार्डी जिरेनियम होईल का? आणि लाल जिरेनियमची कटिंग काळी का पडतात?

तुम्ही एकाच प्रश्नात दोन वेगळ्या झाडांबद्दल विचारलंय. परदेशी व्हिडिओत दिसणारं निळ्या फुलांचं पसरट हार्डी (म्हणजे कडक थंडी सोसणारं) जिरेनियम हे एक, आणि नर्सरीतून आणलेलं, ज्याची कटिंग तुमच्याकडे बुडापासून काळी पडतायत ते लाल जिरेनियम हे दुसरं. पहिल्याचा नाद सोडा असं मी स्पष्टच सांगेन, दुसरं मात्र पुण्यात मस्त होतं.

व्हिडिओतलं ते खरं जिरेनियम. खरं तर त्याचं रक्त आपल्याच हिमालयातलं आहे, वॉलिचियानम आणि हिमालयेन्स या दोन हिमालयी जातींच्या संकरातून इंग्लंडमध्ये रोझॅन नावाचं झाड मिळालं आणि तेच आज सगळीकडे दिसतं. ही झाडं थंडीत वरून पूर्ण वाळतात, मुळं जमिनीत बर्फाखाली झोपून राहतात आणि थंडी सरली की परत फुटतात. पुण्यात जानेवारीत पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन चटकतंच, त्यामुळे झाडाला ती विश्रांती मिळतच नाही आणि वर मग एप्रिल-मे. आणि कृपया ऑनलाइन रोझॅनचं बी घेऊ नका, कारण रोझॅनला बी धरतच नाही, त्याची रोपं गड्डा फोडून किंवा टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून) करतात. म्हणजे त्या पाकिटात दुसरंच काहीतरी असणार.

आपल्या नर्सरीत मिळतं ते पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच गटात टाकली होती, 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगळी केली, पण बाजाराने जुनंच नाव चालू ठेवलं. ओळखायचं असेल तर फुलामागचा देठ बोटात धरून बघा, पेलार्गोनियमला त्या देठावर एक बारीक फुगवटा हाताला लागतो, मधाची नळी देठाला आतून चिकटून खाली येते आणि तिथे संपते. खऱ्या जिरेनियमला हा फुगवटा नसतो.

आता कटिंग. हे झाड जाड खोडात पाणी साठवणारं, कोरड्याला सरावलेलं आहे. त्याला आपलं ऊन मारत नाही एवढं जून ते सप्टेंबरची ओल मारते. तुम्ही जुलैमध्ये कटिंग लावली आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली असं लिहिलंय, तिथेच घोळ आहे. जास्वंदीच्या कटिंगला पिशवी चालते, ह्याच्या लवदार पानांवर ओल धरून बसते, बुरशी लागते आणि खोड बुडातून काळं, मऊ पडत वर जातं. एकदा काळं पडलेलं कटिंग वाचत नाही, लगेच काढून टाका आणि ती माती परत वापरू नका.

पाऊस पूर्ण उघडला की, म्हणजे ऑक्टोबर मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, कळी नसलेला तीन-चार इंची निरोगी शेंडा घ्या. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून पेराच्या अगदी खाली काप द्या, वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा. पेराजवळ कागदासारखे पातळ, टोकदार तुकडे असतात तेही नखाने सोलून टाका, कुजायला सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. मग कटिंग काही तास सावलीत नुसतं पडू द्या, कापलेल्या जागेवर कोरडी साल धरली पाहिजे. रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला लावतात ती पावडर) नसेल तरी अडत नाही.

लावायला निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे). पर्लाइट महाग वाटलं तर बांधकामाची क्रश सँड चालते, पण तिच्यातली पूड चाळून, धुवून काढा, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. आधी मिश्रण भिजवून निथळू द्या, मग कटिंग खोचा, आणि वरचा थर सुकेपर्यंत पाण्याला हात लावू नका. उजेड भरपूर, ऊन थेट नको. तीन-चार आठवड्यांत नवीन पान सुटायला लागलं की मुळं धरली समजा, ओढून बघू नका. मग छोट्याच कुंडीत हलवा, मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि नुसता पाला वाढतो. थोडं वाढलं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचं एक, ते बऱ्याचदा घट्ट लाल मातीच्या गोळ्यात असतं. आणल्यावर तो गोळा हलक्या हाताने मोकळा करा, नाहीतर बाहेर कितीही चांगली माती घाला, मुळं आत गुदमरतातच.

जून आला की कुंडी आत, छपराखाली, वारा खेळेल अशा जागी घ्या आणि पाणी अगदी कमी करा. फुलं थांबतील, थांबू द्या. आणि फुलांचा हट्ट नसेल तर गुलाबाच्या वासाचं जिरेनियम लावा, हल्ली महाराष्ट्रात शेतकरी तेलासाठी लावतात तेच, पानं नुसती चोळली तरी हाताला वास राहतो. कटिंग ह्याच पद्धतीने होतात. तुमची गॅलरी कुठल्या दिशेची ते लिहा, पश्चिमेची असेल तर मार्चपासूनच शेडनेट लावावं लागेल.