कौल हरूनही सत्तेवर

प्रश्न : माझे आजोळ पेडण्याचे. १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलाच्या वेळी गावात जिकडेतिकडे फूल आणि दोन पाने दिसत, असे आजी सांगते. त्या मतदानातून कोणी आमदार होणार नव्हता की कोणाचे सरकार येणार नव्हते. मग राजकीय पक्ष एवढ्या ईर्ष्येने प्रचारात का उतरले?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : फूल ही महाराष्ट्रात विलीन होण्याची, तर दोन पाने ही संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्याची निशाणी होती. उमेदवार नव्हते हे खरे. परंतु भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) विलीनीकरणासाठीच उभा राहिला होता आणि डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा सारा जोर त्याला विरोध करण्यावर होता. ज्या प्रश्नावर १९६३ मध्ये मते मागितली, तोच प्रश्न मतपेटीपाशी आल्यावर घरी बसणे दोघांनाही शक्य नव्हते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामाही दिला.

काँग्रेसची मात्र पंचाईत झाली. महाराष्ट्रातील नेते विलीनीकरणाच्या बाजूने, तर गोव्यातील पुरुषोत्तम काकोडकर विरोधात. आपलीच माणसे दोन्हीकडे विभागलेली असली की पक्षाला सार्वमत नकोसे वाटते. ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघात राहायचे की नाही यावरील सार्वमतात हुजूर पक्ष संघटना म्हणून तटस्थ राहिला आणि त्याचे मंत्री मात्र परस्परांविरुद्ध प्रचार करत फिरले.

माझ्या मते पक्षांची खरी नजर कौलापेक्षा पुढच्या निवडणुकीवर असते. १६ जानेवारीला संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. मगो हरला, पण गावोगावचे कार्यकर्ते आणि पक्षामागचा बहुजन समाज टिकून राहिला. मार्चच्या निवडणुकीत ३० पैकी १६ जागा जिंकून बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. स्कॉटलंडमध्ये नेमके उलटे घडले. २०१४ च्या सार्वमतात मजूर पक्षाने हुजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावून स्वातंत्र्याविरुद्ध प्रचार केला आणि कौल जिंकला, परंतु ही सोयरीक त्याच्या पारंपरिक मतदारांना रुचली नाही. पुढच्याच वर्षी तेथील त्याच्या ४१ पैकी ४० जागा गेल्या.