गरम गाडी सुरू का होत नाही?

प्रश्न : माझी १९९४ची कार्ब्युरेटरची (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गाडी सकाळी लगेच सुरू होते. पण कात्रजचा घाट चढून चहाला दहा मिनिटं थांबलो की स्टार्टर नुसता फिरतो. सिग्नलला आयडलिंगही (उभ्या गाडीत इंजिनचं फिरणं) वरखाली होतं. – एक वाचक, धनकवडी

उत्तर : स्टार्टर जोमात फिरतोय ना, मग बॅटरी बदलू नका! इंजिन बंद केलं की त्याची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते, पेट्रोल उकळून आत सांडतं. अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका. पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेट्रोलचा वास येऊन सुरू झाली, तर दुखणं हेच. कार्ब्युरेटरखालचा, इंजिनची उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का पाहा. माझ्याकडे आलेल्या काही गाड्यांत त्याऐवजी पातळ पॅकिंग निघालंय. आयडलिंगच्या स्क्रूला मात्र एवढ्यात हात लावू नका. गार इंजिनवर व्हॅक्यूमचे (इंजिनची हवेची ओढ पोचवणारे) रबरी पाइप टोकापाशी वाकवून बघा. बारीक चिरा तेव्हाच दिसतात आणि त्यांतून हवा शिरली की आयडलिंग वरखाली होतं.