वही आधी उघडून वाचा

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला 93 टक्के होते. जेईईचा क्लास लावलाय, पण रात्री ती 1914 च्या पहिल्या महायुद्धावर वह्या भरत बसते. इतिहासात बी.ए. करायचं म्हणते. वह्या मी कपाटात कुलूपबंद केल्यात आणि रविवारपर्यंत हट्ट सोड म्हणून सांगितलंय. सनावळ्या पाठ करून पोट भरतं का? तिला समजवा.
एक पालक, सांगली

उत्तर: तिच्या मार्कांची मला काळजी नाही, त्या कुलपाची आहे. कुणी न सांगता मुलगी रात्री जागून लिहिते आणि त्यात काय आहे, याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. क्लास बुडवते, असंही तुम्ही कुठे म्हणत नाही. मग शिक्षा कशाची?

आता सनावळ्यांचं. 28 जून 1914 ला बोस्नियातल्या सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ही सनावळी. पाठ करायला अर्धा मिनिट पुरे. अभ्यास पुढे आहे. 23 जुलैला ऑस्ट्रियानं खुनासाठी सर्बियाला जबाबदार धरून निर्वाणीचा खलिता दिला, मुदत अठ्ठेचाळीस तास. 25 ला संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्बियाचे पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन गेले. बहुतेक मागण्या मान्य होत्या. आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घ्यायला मात्र नकार होता. ऑस्ट्रियाचे राजदूत गीझल यांनी कागद भरभर नजरेखालून घातला आणि साडेसहाच्या गाडीनं सर्बियाची राजधानी बेलग्रेड सोडली. तेच उत्तर जर्मन सम्राट विल्हेल्मनं 28 च्या सकाळी वाचलं आणि आता युद्धाला कारणच उरलं नाही, अशा अर्थाचा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं. मग दोष कुणाचा? 5 जुलैला ऑस्ट्रियाला हवं ते करण्याची मोकळीक देणाऱ्या जर्मनीचा, सर्बियासाठी सैन्य जमवणाऱ्या रशियाचा, की आपण उतरणार का हे वेळेत स्पष्ट न सांगणाऱ्या ब्रिटनचा? 1919 च्या व्हर्साय तहानं जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली, पण इतिहासकारांचा वाद आजही मिटलेला नाही. कुठली तार किती वाजता पोचली, कुणी ती कधी वाचली, हे ताडून बघणं वकिलाच्या कामाइतकंच कसाचं आहे. आणि हे युद्ध परक्यांचं नव्हे. 1916 साली इराकमधल्या कुतला तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिशांच्या फौजेत मराठा पलटणीही होत्या.

पैशाचं स्पष्ट सांगतो. या वाटेवर तो उशिरा येतो. संशोधन, प्राध्यापकी, पत्रकारिता, कुठेही पहिली काही वर्षं ओढाताणीची असतात. हे तिलाही सांगा, पण धमकी म्हणून नको.

परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, आणि जेएनयू किंवा दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मी त्याहून मोठं मानतो ते भाषेला. या विषयाची मूळ कागदपत्रं जर्मन, फ्रेंच आणि रशियनमध्ये आहेत. बारावी संपली की तिला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकू द्या. दोन वर्षं नेटानं टिकली तर आवड खरी आहे हे तुम्हालाही कळेल. नाही टिकली तरी भाषा हाताशी राहील.

रविवारची मुदत आजच मागे घ्या. कुलूप काढा, वही तिच्याच हातात द्या आणि 25 जुलैचं पान तिला मोठ्यानं वाचायला सांगा. मधे बोलू नका. त्यानंतर मला पुन्हा लिहा, पण ते पत्र तिच्या हातचं असू द्या.