इंटर्नना एमआरबद्दल (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींबद्दल) शिकवताना

यंदा पहिल्यांदाच तुझ्याकडे इंटर्नचं हे सत्र आलंय, म्हणून सांगतो. सुरुवात नियमांनी करू नकोस, पोरांचं लक्ष उडतं. त्यापेक्षा एक चिठ्ठी हातात दे. बीडच्या ऊसतोड मजुराला लिहिलेली, नाव झाकून: पॅन्टोप्राझोल, एक मल्टिव्हिटॅमिन, एक नवं अँटिबायोटिक, सगळं ब्रँडचं. यातलं प्रत्येक औषध कशासाठी, जेनेरिक कितीला मिळतं, आणि हा ब्रँड आपण पहिल्यांदा कुणाकडून ऐकला, हे त्यांनाच शोधू दे. मेडिकलवर जाऊन भाव विचारून आणायला लाव. अर्धं शिकवणं तिथंच होतं.

मग एमआरचं पत्रक घे. आलेख शून्यापासून सुरू होतो का? 'धोका ५० टक्क्यांनी कमी' म्हणजे शंभरात दोघांऐवजी एकाला त्रास, असंही असू शकतं. हे फळ्यावर मांड. यात पूर्ण तास गेला तरी जाऊ दे.

नियम थोडक्यात उरक. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ साली औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यावर बंदी आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा भेटवस्तूंच्या खर्चावर कंपन्यांना करसवलत नाकारली. २०२४ ची यूसीपीएमपी, म्हणजे औषधांच्या प्रचाराची सरकारी आचारसंहिता, कंपन्यांसाठी आहे.

एमआरला खलनायक मात्र करू नकोस. टार्गेटपायी परभणी-हिंगोली उन्हातान्हात फिरणारा तो आपल्याच भागातला मुलगा असतो. त्याला नम्रपणे 'नको' कसं म्हणायचं, याचा जोडीजोडीनं सराव घे. हे कुणी शिकवतच नाही. आणि आपल्या विभागाच्या सीएमईचं (डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचं) जेवण कोण देतं, हे पोरं विचारणारच. त्याचं खरं उत्तर आधीच तयार ठेव.