एमडी पॅथॉलॉजीनंतर अमेरिका: आधी लॅब की रेसिडेन्सी?

तुमचा प्रश्न असा: एमडी पॅथॉलॉजी झालंय, किडनी ट्रान्सप्लांटच्या बायोप्सींवर संशोधन करायचंय, अमेरिकेतल्या एका लॅबमध्ये पोस्टडॉक (संशोधकाची तात्पुरती नोकरी) मिळतंय; ते करून मग रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं डॉक्टरी प्रशिक्षण) घ्यावी का? नवरा आणि लेक सोबत येणार.

माझं ऐकाल तर पोस्टडॉक सोडा, थेट रेसिडेन्सीच्या मागे लागा. लॅबमध्ये तुमच्या वाट्याला उंदरांच्या किडन्या येतील, पेशंटच्या रिपोर्टवर सही करता येणार नाही. आणि या विषयातले खरे प्रश्न सही करतानाच टोचतात. ट्युब्युलच्या (किडनीतल्या बारीक नळीच्या) भिंतीत घुसलेले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपण मोजतो. चार दिसले तर श्रेणी टी-१, पाच दिसले तर टी-२. आजूबाजूचा दाह मध्यम असेल, तर त्या एका पेशीपायी रिपोर्ट 'बॉर्डरलाइन'वरून ग्रेड १-ए रिजेक्शनवर, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय या निदानावर, जातो. तो पाचवा ठिपका लिम्फोसाइट आहे की ट्युब्युलच्याच पेशीचं चुरगळलेलं केंद्रक, यावर मी वीस-वीस मिनिटं घालवली आहेत. तिकडे नेफ्रॉलॉजिस्ट फोनवर ताटकळतोय. एकच बायोप्सी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचली जायची, म्हणून तर १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी मंडळी जमली. १९९३ मध्ये वर्गीकरण छापून आलं, त्याची डागडुजी अजून चालूच आहे. तुमचं संशोधन त्या डागडुजीतलं असावं, असं मला वाटतं.

आता किंमत. आपली एमडी इथे अमेरिकेत धरत नाहीत. स्टेप १ आणि स्टेप २ सीके या लायसन्सच्या परीक्षा, ईसीएफएमजीचं (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट, मग एपी-सीपी या पॅथॉलॉजी रेसिडेन्सीची चार वर्षं, वर रीनल (किडनीच्या) पॅथॉलॉजीची फेलोशिप. स्टेप १ला २०२२ पासून मार्कच नाहीत, नुसतं पास-नापास, त्यामुळे सगळा भार स्टेप २वर. मी महाराष्ट्रात चार वर्षं स्वतःच्या सहीने रिपोर्ट काढले होते. इथे पहिल्या महिन्यात पित्ताशयं कापत बसले. राग आला होता, खोटं कशाला सांगू.

तुमची एक जमेची बाजू मात्र आहे. टीबीचा ग्रॅन्युलोमा (पेशींची गाठ) किंवा म्युकर (काळी बुरशी) आपल्या डोळ्यांना पटकन ओळखू येतो. इथल्या रेसिडेंटला तो क्वचितच भेटतो. उलट, आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाइकांच्या, त्यामुळे मृत दात्याच्या किडनीचं रात्री दोन वाजताचं फ्रोझन (तुकडा गोठवून लगेच केलेली तपासणी) तुम्ही फारसं पाहिलं नसेल. किती ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) मेलेत ते मोजून सांगायचं. वीस टक्क्यांच्या वर गेले की सर्जन कचरायला लागतो, आणि ती किडनी फुकट जाण्याची शक्यता वाढते. हे मोजणं कितपत भरवशाचं, यावर काम करायला भरपूर वाव आहे.

व्हिसाचा निर्णय नवऱ्याशी बोलून घ्या. बहुतेक प्रोग्रॅम जे-१ (एक्स्चेंज व्हिसा) देतात. तो संपला की दोन वर्षं भारतात परत, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट. त्यात प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच जागा, आणि बहुतेक ठिकाणी प्राधान्य फॅमिली डॉक्टर वगैरेंना. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) हवा असेल तर स्टेप ३ ही परीक्षा आधीच देऊन ठेवावी लागते. पण जे-२वर (जे-१वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) नवऱ्याला अर्ज करून कामाची परवानगी मिळते. एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) तुमच्या ग्रीन कार्डची गाडी बरीच पुढे सरकेपर्यंत त्याला घरी बसावं लागेल.