वखारीसाठी चेनसॉ कोणता?

प्रश्न : नागपूरजवळ आमची जळाऊ लाकडाची वखार आहे. रोज सुकी बाभूळ कापतो. स्वस्तातला चेनसॉ सहा महिन्यांत जाम झाला. आता कोणता घ्यावा?

उत्तर : ५५-६० सीसीचा, १८ इंची बारचा (चेन फिरते ती पट्टी), मॅग्नेशियम क्रँककेसवाला (इंजिनाचं कवच) घ्या. प्लॅस्टिकचा सांगाडा रोजच्या बाभळीपुढे टिकत नाही. आधी जुन्याचा सायलेन्सर काढून आत बघा. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर बहुधा पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलंय. पेट्रोल-ऑइलचं ५०:१ प्रमाण म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. अंदाजे ओतू नका. चिपाट्यांऐवजी पिठासारखा भुसा पडला की चेन बोथट झाली समजा. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला धार लावायला ४.८ मिमीची गोल कानस लागते. एअर फिल्टर मात्र रोज झटका, नागपूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.